उजवा गाल

माझ्या उजव्या गालाला मी जितका भ्यालो तितका आयुष्यात दुसऱ्या कशालाच भ्यालो नाही. हेडमास्तरांना नाही, तपासणीला येणाऱ्या साहेबांना नाही, आणि मी फळ्याकडे वळलो की शिट्ट्या मारणाऱ्या दहावी ‘ब’ला तर मुळीच नाही. मी धरणगावच्या हायस्कुलात गणित शिकवायचो. माझ्या वर्गात मी ओरडलो की शेजारच्या वर्गातली पोरं आपापल्या वह्या उघडायची. असा माणूस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका सकाळी चूळ भरता भरता मोरीत खाली बसला, आणि बायको धावत आली तेव्हा त्याला तोंडातून शब्द काढायचीही भीती वाटत होती.

ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत कुणीतरी तापलेली तार सर्रकन ओढून काढावी, तसं झालं होतं. एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. मग काही नाही. आरशात बघितलं तर सूज नाही, लाली नाही, गाल आपला जागच्या जागी, साळसूद. बायको म्हणाली, “दाढ असेल.” मलाही ते पटलं. दाढेचं दुखणं निदान समजण्यासारखं असतं.

जळगावला एका दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. तार ओढली जायची ती जातच राहिली. मग त्यांनी शेजारची काढली. पुन्हा गेलो तेव्हा आत बॅटरी मारून बघत ते म्हणाले, “मास्तर, तुमचे दात तर चांगले आहेत हो.” दोन दाढा बशीत पडल्यावर त्यांना हे ज्ञान झालं. एरवी मी चार शब्द सुनावले असते, पण सुनावायला तोंड उघडावं लागतं.

त्या गालाला काय चालेल आणि काय नाही, याचा काही नेम नव्हता. पंख्याचा वारा चालत नसे. टॉवेलची कड चालत नसे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी मी दुधात कुस्करून, डाव्या बाजूने, जिभेलाही उजवीकडे फिरकू न देता गिळायचो. शेवभाजीचा वास आला की पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं, आता अंगावर काटा यायचा. एसटीत माझ्या नशिबी हमखास न सरकणारी काच, म्हणून मी परीक्षेचा लाकडी पॅड सोबत ठेवायचो आणि तो गालापासून चार बोटं लांब, वाऱ्याच्या वाटेत धरून बसायचो. एकदा मागच्या सीटवरून कुणीतरी बोललंच, “मास्तर काय नव्या नवरीसारखं तोंड लपवून बसले हो?” सगळी गाडी हसली. मी पॅड हलू न देता समोर बघत राहिलो.

खरं सांगायचं तर दुखणं दिवसातून थोडाच वेळ असे. भीती मात्र दिवसभर. आता येईल, बोललो तर येईल, हसलो तर येईल, नुसता विचार केला तरी येईल. वर्गात मी हळू बोलायला लागलो. पोरांना वाटलं सर सुधारले.

दाढी तर शक्यच नव्हती. एकदा प्रयत्न केला. ब्रश गालाला टेकला मात्र, आणि मी तोंडाला फेस तसाच ठेवून भिंत धरून उभा राहिलो. त्यानंतर ब्रश, वाटी, आरसा सगळं माळ्यावर गेलं आणि दाढी वाढत गेली. पोरांनी माझं नाव ‘बुवा’ ठेवलं. हेडमास्तरांनी शाळेच्या शिस्तीचा विषय काढला, तर मी हाताने गाल दाखवला, अर्थात लांबूनच. त्यांना वाटलं मी त्यांनाच गालात मारायची खूण करतोय. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

आमचं गाव धरणगावपासून जवळच, गिरणा नदीच्या काठाला. शेती कापसाची. ती धाकटा भाऊ बघायचा, आणि त्याच्याजवळ आमचे वडील, आबा. आई कधीच गेलेली. त्या वर्षी आबांचं हृदय थकलं होतं. पाय सुजत, चार पावलं टाकली की दम लागे, मग ते ओट्यावर बसून राहत आणि आपण मुद्दामच बसलोय असं दाखवत. मी शनिवारची अर्धी शाळा सुटली की गावाला जायचो. वाढलेली दाढी घेऊन मी पहिल्यांदा गावात उतरलो, तेव्हा पाराजवळच्या माणसांनी माझ्याकडे एकदा बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांचं ठरून गेलं.

आमच्याकडे बाप अंथरुणाला टेकलेला असताना थोरल्या मुलाने दाढी राखली तर त्याचं कारण एकच असतं, नवस. आणि नवसाबद्दल विचारायचं नसतं. बोलून दाखवला की तो फळत नाही, म्हणून राखणारा सांगत नाही आणि बघणारा विचारत नाही. त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी कुणाला काही सांगायची वेळ आली नाही. माझ्या पाठीमागे चर्चा मात्र रंगायची. कुणी म्हणे गडावरच्या देवीला बोलला असेल, कुणी म्हणे मुक्ताईला. ज्या मास्तराने कधी देवळाची पायरी सरळ मनाने चढली नव्हती, त्याला म्हाताऱ्या बायका रस्त्यात हात जोडायला लागल्या.

हे आबांच्या कानावर जाणारच होतं. एका शनिवारी ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. माझ्या दाढीकडे बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, “मास्तर, मन्हाकरता राखी शे का रे?” ते मला मास्तरच म्हणायचे, थोडं थट्टेने आणि बरंचसं कौतुकाने.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तार ओढली गेली. डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती कळ ओसरून मी डोळे उघडले, तर आबांच्या डोळ्यांतही पाणी. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, “बोलू नको.” त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. भावाने मला गोठ्याकडे नेऊन सांगितलं, “भाऊ, तू दाढी राखी आनि आबा सुधरी ऱ्हायनात बरं.” तो इतका आनंदात होता की माझ्याने खरं बोलवेना.

तिथून माझी भीती बदलली. आमच्यात बाप गेला की दहाव्याला नदीवर मुलांचं डोकं, दाढी, मिशी सगळं न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली उतरतं. थोरल्याचं सगळ्यांत आधी. ते झाल्याशिवाय पिंडाला हात लावायचा नाही. आबांकडे बघताना मला आता वस्तरा दिसायला लागला. त्यांचा श्वास अडकला की माझा हात आपोआप गालाकडे जाई आणि मध्येच थांबे. माणूस बापाच्या मरणाला भितो तो बापासाठी. मी माझ्या कातडीसाठी भीत होतो. हे मला कळत होतं, त्याची शरम वाटत होती, आणि तरी ते थांबत नव्हतं. आबांना बरं वाटू दे म्हणून मी मनातल्या मनात जे काही पुटपुटायचो, त्याचा देवाने काय अर्थ लावला असेल कोण जाणे.

मुंबईचे एक मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा जळगावला यायचे. त्यांनी तपासायला कापसाचा बोळा हातात घेतला आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो. ते हसले नाहीत. बोळा खाली ठेवून म्हणाले, “समजलं.” त्या एका शब्दाने माझे डोळे भरून आले, कारण तोवर ते कुणालाच समजलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की चेहऱ्याची खबर मेंदूकडे नेणारी एक शीर असते, ती बिघडली आहे. गालाला काहीही झालेलं नाही. नुसता वारा लागला तरी ती शीर वर मेंदूला सांगते की चटका बसला, आणि मेंदू तिच्यावर विश्वास ठेवतो.

त्यांच्या गोळ्यांनी फरक पडला. पण डोस वाढवला की फळ्यावर एका त्रिकोणाचे दोन दिसायचे आणि मी मारलेली सरळ रेषा उतरणीला लागायची. पुढच्या खेपेला मी तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “मग एक उपाय मुंबईचा. कानामागून कवटी उघडायची.” माझी खुर्ची पुन्हा मागे सरकली. ते त्यांना दिसलं असावं. ते म्हणाले की परदेशात आता डोकं न उघडताच, बाहेरून, चुंबकाची कडी डोक्याजवळ धरून मेंदूला चेतवून बघताहेत. माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो. दुखण्यावर त्याचा कितपत उपयोग होईल हे अजून त्यांनाही ठाऊक नाही, आणि आपल्याकडे ते यायला बराच काळ जाईल. “तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे,” ते म्हणाले. “धुळ्याला फिजिओथेरपीच्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे कातडीवरून हलका करंट देणारं यंत्र आहे. शिरेला दुसरं काही काम दिलं की तिची बडबड कमी होते. सगळ्यांची होते असं नाही. गोळ्यांच्या जोडीला करून बघा.”

एवढ्या सगळ्यातला मी एकच शब्द ऐकला, करंट.

करंट म्हणजे शॉक, आणि शॉक कुणाला देतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गावातल्या एकाला त्याच्या घरच्यांनी शॉक द्यायला नेलं होतं. परत आला तेव्हा तो शांत झाला होता. इतका शांत की स्वतःच्या बैलांनाही ओळखेना, निदान लोक तसं सांगायचे. करंटचं मी भावाजवळ बोललो होतो, त्याने ते आबांना सांगितलंच. मास्तरचा गाल दुखतो, दाताचं काहीतरी आहे, एवढंच तोवर त्यांना माहीत होतं. आबा दम खात खात म्हणाले, “डोकाले करंट लाई लेशी? गणित इसरी जाशी ना रे!” नेमकं तिथेच त्यांनी बोट ठेवलं. माझ्याकडे गणिताशिवाय होतं काय? मी रस्त्याने चालताना पाढे म्हणून बघायला लागलो, आतापासूनच काही गळायला लागलंय की काय म्हणून.

धुळ्याला जायचं मी पुढे ढकलत राहिलो. मग एका शनिवारी आबांना नुसतं बसूनही धाप लागलेली बघितली. बोलताना शब्दाशब्दाला थांबत होते. परत येताना माझ्या डोक्यात दोन भीतींची झटापट चालली होती, आणि वस्तऱ्याची भीती जिंकली. सोमवारी रजा टाकून मी धुळ्याची गाडी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी पॅड धरूनच.

पाचव्या गल्लीत एका दुकानाच्या वर त्यांची खोली होती. बाई माझ्यापेक्षा लहान, पण आवाज असा की मीच बाकावर सरळ बसलो. यंत्र म्हणजे रेडिओएवढा डबा, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकांना काळ्या रबराच्या पट्ट्या. मी म्हटलं, आधी उघडून दाखवा. त्यांनी मागचं झाकण काढून आतले सेल दाखवले. “घरातला करंट नाही. बॅटरीवर चालतं. लाईट गेली तरी चालतं,” त्या म्हणाल्या. जास्त झालं तर काय, असं विचारलं तर त्यांनी डबाच माझ्या मांडीवर ठेवला. “बटण तुमच्या हातात. वाढवायचं तुम्ही, थांबवायचं तुम्ही.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “ही दाढी मात्र काढावी लागेल. पट्टी चिकटत नाही.”

मी उठून उभा राहिलो. दाराकडे जाता जाता थांबलो, आणि जे गावात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तुटक तुटक त्यांना सांगितलं: गाल, नवस, आबा, दहावा. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे दाढी काढता यावी म्हणून करंट हवा, आणि करंट घ्यायला दाढी काढायला हवी. गणिताचे मास्तर ना तुम्ही? सोडवा.” मला राग आला, हसूही आलं, आणि हसण्याबरोबर तार ओढली गेली. मी खुर्चीचे हात धरून बसलो.

मग त्यांनी छोटी कात्री घेतली. कानाच्या अगदी पुढे, जिथे मला लागत नव्हतं तिथे, रुपयाएवढी जागा कातरली. कात्रीचं पातं डोळ्याच्या कडेला चमकत होतं आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. गार लगद्यासारखं काहीतरी लावून एक पट्टी तिथे बसवली, दुसरी हाताच्या अंगठ्याजवळ. “आता तुम्ही,” त्या म्हणाल्या.

मी मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. पाढा तुटला की बटण बंद, असं ठरवलं होतं. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, बटण हललं, काहीच नाही. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, कानापुढे मुंग्या आल्या. माझ्या तोंडून “आई गं” निघालं, पण दुखत नव्हतं. नुसतं कुणीतरी आतून बोटाने टकटक करत होतं. मी घामाने निथळत, बटणावर बोट घट्ट दाबून, दहापर्यंत गेलो. दोनशे नव्वद. पाढा शाबूत होता. बाई म्हणाल्या, “झालं. बघा, जिवंत आहात.”

त्या दिवशी परत येताना तीन वेळा तार ओढली गेली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण मी जात राहिलो, पुढे तसंच यंत्र घरी आलं, आणि रोज शाळेतून आल्यावर पाढे म्हणत मी करंट घ्यायला लागलो. बायकोला आधी माझ्या जवळून जायचीही भीती वाटायची, नंतर ती शेजारी बसून निवांत शेंगा सोलायची. गावात मात्र माझ्या कानापुढची रिकामी जागा बघून नवा घोर लागला. मास्तरला चाई लागली. कुणी कांदा चोळायला सांगितला. आबांनी ते टक्कल बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “देवी कोपनी का रे?” त्यांनी विचारलं. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

कापूस घरात यायला लागला तोवर कळा विरळ झाल्या असाव्यात. असाव्यात म्हणतो, कारण मी सांगू शकत नव्हतो. बाईंनी विचारलं, “या आठवड्यात किती वेळा?” मी म्हटलं, कळत नाही, मी गालाला काही लागूच देत नाही. त्या वैतागल्या. “मग लागू द्या एकदा. बघा तरी काय होतं ते.” मी हो म्हटलं आणि पॅड धरून घरी आलो.

त्यानंतरच्या शनिवारची दुपार. भाऊ शेतात होता. आबा ओसरीत खाटेवर पडून होते, अंगावर गोधडी. “आठे ये, मास्तर,” ते म्हणाले. मी खाटेच्या कडेला बसलो. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग गोधडीतून त्यांचा हात बाहेर आला. कापूस वेचून वेचून त्या हाताच्या बोटांची टोकं चिरलेली, भेगांत काळं बसलेलं. आमच्याकडे बाप मुलाच्या तोंडावरून हात फिरवत नाहीत. पाठीत धपाटा घालतात, तेच प्रेम. आबांनी माझ्या गालाला हात लावल्याचं मला आठवतच नाही. तो हात वर आला, माझ्या दाढीकडे, उजव्या बाजूला.

मला फक्त ती खरखरीत बोटं दिसली. मी झटक्याने मान मागे घेतली.

हात तसाच हवेत राहिला. मग आबांनी तो खाली आणला आणि गोधडीची घडी सारखी केली. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. मला सांगायचं होतं, आबा, तुमच्यापासून नाही मागे सरकलो, गालापायी सरकलो. पण गालाला नुसता हातही सोसवत नाही हे सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, दाढी तुमच्यासाठी नव्हती हेसुद्धा. त्या दाढीवर त्यांची सगळी मदार होती. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले.

चार-पाच दिवसांत आबा गेले. घर रडलं, गाव रडलं, भाऊ तर खांबाला डोकं आपटून घेत होता. मी रडलो नाही. रडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि गाल ओढला जातो, म्हणून मी ओठ आवळून भिंतीला टेकून बसलो होतो. लोक म्हणाले, मास्तर घट्ट आहे. माझ्या मनात तेव्हा काय होतं, तर दहावा.

भावाला मी एव्हाना सगळं खरं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, रागावला नाही, आणि आपण होऊन दहाव्याचे विधी सांगणाऱ्या गुरुजींना भेटून आला. “पाच केस काप्यात तरी चालस म्हने. तुले तरास शे ना,” तो म्हणाला. सुटका समोर चालून आली होती. मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी लोकांना भितोय. तसं नव्हतं. आबांचा तो हात हवेत राहिलेला मला सारखा दिसत होता, आणि त्यांच्या नावाने निदान वस्तऱ्यापुढून तरी मागे सरकायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

दहाव्याला गिरणेवर भाऊबंद जमले. मी यंत्र पिशवीतून नेलं होतं. बाभळीखाली बसून कानापुढे आणि अंगठ्याजवळ पट्ट्या लावल्या आणि बटण फिरवलं. तेवढ्यात भाऊबंदांतले एक नाना काठी टेकत आले. माझ्या कानाजवळची वायर आणि मांडीवरचा डबा बघून ते जागीच थांबले. “काय रे मास्तर,” ते म्हणाले, “बापना दहावाले मॅच ऐकी ऱ्हायना का?” भाऊ मध्ये पडला, त्याने कसंबसं समजावलं की ते औषध आहे. नानांचं समाधान झालेलं दिसलं नाही. आणखी दोघांनी येऊन हळूच स्कोअर विचारला.

मग बोलावणं आलं. पट्ट्या काढून, यंत्र बाभळीखालीच ठेवून मी न्हाव्यासमोर बसलो. त्याला अजून बरीच डोकी उरकायची होती, तो घाईत होता. आधी डोकं झालं. मग त्याने वाटीतलं गार पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्या दोन्ही गालांवर चोळलं. मी गुडघे घट्ट धरले. एकोणतीस एके एकोणतीस. डावा गाल झाला. त्याने माझी हनुवटी धरून तोंड वळवलं आणि वस्तरा उजव्या कानाखाली टेकवला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. वस्तरा खाली आला. पाढा तुटला. पुढचा आकडा सापडेना. मी वाट बघत होतो. वस्तरा पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून परत कानापर्यंत. खरखर आवाज येत होता, केस मांडीवर पडत होते, आणि मी अजून वाटच बघत होतो.

“झालं, मास्तर,” न्हावी म्हणाला आणि वस्तरा पुसून पुढच्या डोक्याकडे वळला.

मी हात वर नेला. सवयीने तो मध्येच थांबला. मग मी तो पुढे नेऊन गालावर टेकवला, पूर्ण तळहात. गाल ओला होता, जरा थंड होता, आणि दुसरं काही नव्हतं. बोटाने दाबून बघितलं. काही नाही. दुखणं कधी गेलं होतं? आज की गेल्या आठवड्यात, की महिन्याभरापूर्वीच? ते पुढे दोन वर्षांनी परत आलं, पण त्या दिवशी ते नव्हतं. आणि त्या शनिवारी, ओसरीत? कदाचित तेव्हाही नव्हतं. ज्या गालाने घाईतल्या न्हाव्याचा वस्तरा सोसला, त्याने आबांचा हात सोसला असता.

तोंडातून आवाज कधी निघाला ते मला कळलं नाही. इतक्या महिन्यांत उघडलं नव्हतं एवढं तोंड उघडून मी ओरडत होतो. लोक उठून उभे राहिले. भाऊ बाभळीखालून यंत्र घेऊन धावत आला, वायरी वाळूत लोंबत होत्या. “भाऊ, दुखस का? लावू का? कोठे दुखस?”

“दुखत नही रे,” मी म्हटलं. “काहीच दुखत नही.”

त्याला समजलं नाही. तो गुडघ्यांवर बसून वायरींचा गुंता सोडवायला लागला. त्याचा हात थेट आबांसारखा आहे. तीच चिरलेली बोटं, तशाच काळ्या भेगा. मी तो हात वायरींतून ओढून घेतला आणि माझ्या उजव्या गालावर धरून ठेवला.